गाडीची खांदमळणी

सुरुवातीलाच हात जोडतो. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही करण्यापुरती अक्षरं येतात. मायला तेवढीही येत नाहीत. मी कॉलेजात गेलो म्हणून मला लिहिता येत असेल, असं गावाला वाटतं. मला स्वतःला तसं वाटत नाही. शिवाय सांगायचं आहे ते इतकंच, की एका जुन्या गाडीचा स्टेअरिंगखालचा स्विच मी घरीच बदलला. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाचा वेळ घ्यावा का, याचा मी बरेच दिवस विचार केला. पण त्या आठवड्यात जिवाला जो घोर लागला होता आणि तो गेल्यावर जे हलकं वाटलं, ते अजून अंगात आहे. ते कुठेतरी सांगून टाकावं म्हणून बसलो. आगाऊपणा वाटला तर पोटात घालावा.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून बरंच आत. आमची गाडी म्हणजे दुसऱ्याने वापरून झालेली एक जुनी व्हॅन. आबांनी ती बैलजोडी विकून घेतली. मागची सीट काढून तिथे पत्रा ठोकला आणि त्यावर दुधाचे कॅन ठेवायला सुरुवात केली. गावातल्या दूध संस्थेचं दूध, वाटेतल्या वस्त्यांवरचं दूध आणि त्या वर्षी चारा छावणीत बांधलेल्या जनावरांचंही दूध गोळा करायचं आणि गेवराईच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं, हा आबांचा रूट. सकाळी एक खेप, संध्याकाळी एक. त्या साली कापूस गुडघ्याएवढा होऊन थांबला होता आणि ज्वारी तर उगवलीच नाही. घर चालत होतं ते या रूटवर.

उसाचंही तेच. रानात ऊसच नव्हता, म्हणून आमच्या भागातल्या साखर कारखान्याची चिमणी त्या हंगामात पेटली नाही. ऊस वाहणारे टेम्पो दारात उभे राहिले. त्यातला एक टेम्पोवाला आमच्या संस्थेच्या चेअरमनकडे गेला आणि दुधाचा रूट मला द्या म्हणाला. त्याचंही घर होतं, त्याला दोष देता येत नाही. चेअरमन माणूस सरळ. त्यांनी आबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, "तुमचा रूट मी काढीत न्हाई. पन तुमच्या गाडीचं पासिंग सरत आलंय. तेवढं करून आना. बिगरपासिंगच्या गाडीत संस्थेचं दूध घातलं तर उद्या मीटिंगमधी लोक मलाच इचारतेल."

पासिंग म्हणजे बीडला आरटीओत गाडी न्यायची. तिथे साहेब हेडलाइट, डिपर, इंडिकेटर, हॉर्न सगळं लावून बघतात. आमच्या गाडीत यातलं धड काही राहिलं नव्हतं. लाइट लावायचा तर स्टेअरिंगजवळची दांडी पिरगाळून वर कव्हरला एक चापट द्यावी लागे. डिपर आपल्या मनाने पडे, आपल्या मनाने उठे. उजवीकडचा इंडिकेटर दांडी हाताने धरून ठेवली तरच लागायचा, म्हणून आबा वळताना सरळ खिडकीतून हात बाहेर काढत. गेवराईत गाडीच्या वायरिंगचं काम करणारा ओळखीचा माणूस दुकानाला कुलूप लावून पुण्याकडे कंपनीत कामाला गेला होता. दुसरा जो होता तो म्हणाला, गाडी टाकून जा, दोन-चार दिवसांनी बघतो. गाडी टाकायची म्हणजे खेपा चुकवायच्या, आणि खेप चुकली की टेम्पोवाला उभाच होता.

मी तेव्हा अंबाजोगाईला होस्टेलवर राहत होतो. आबांचा फोन आला. "तिकडं कुनाला इचारून बघ बरं," एवढंच म्हणाले. मी एका गॅरेजवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पूर्ण स्विचच बदलावा लागेल, त्याला कॉम्बिनेशन स्विच म्हणतात, पण गाडी इथे आणा. गाडी तिथे नेणं शक्य नव्हतं. मग शिमग्याच्या सुट्टीला घरी निघालो तेव्हा बीडला उतरलो आणि स्टँडजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. गाडीच्या कागदाची झेरॉक्स दाखवली. दुकानदाराने फळीवरून खोका काढला, आतला स्विच दाखवला. दोन्ही बाजूंना काळ्या दांड्या, खाली वायरींचा झुपका.

"बसवायला कोन हाय?" त्याने विचारलं.

मी चाचरत म्हणालो, "मीच बघतो."

त्याने माझ्या खांद्यावरच्या पुस्तकांच्या पिशवीकडे एकदा बघितलं. "आधी बॅटरीची वायर काढ. आन् ध्यानात ठिव, स्टेअरिंग ओढताना मधला नट पुरता काढायचा न्हाई. दोन आटे ठिवायचे. न्हाईतर स्टेअरिंग एकदम सुटून तोंडावर येतंय. लई जनांचे दात गेलेत."

घरी पोचेपर्यंत बसमध्ये मी तेवढंच घोकत होतो.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळची खेप टाकून आले, तेव्हा ऊन चढलं होतं. संध्याकाळच्या खेपेआधी गाडी परत उभी करायची होती. आबांनी ती लिंबाखाली लावली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुला येतंय न्हवं?"

"बघतो, आबा."

"बघतो म्हंजी?"

एवढ्यात समोरच्या घरातून दूध संस्थेचे सेक्रेटरी आले. दुधाचं फॅट काढायचं मशीन तेच चालवतात आणि गावातल्या प्रत्येकाच्या दुधात किती पाणी आहे हे तोंडावर सांगतात. त्यामुळे त्यांना घाबरून असावं लागतं. ते ओट्यावर बसले, तंबाखू मळायला लागले.

"काय बे, बी.ए.ला हे बी शिकवतेत व्हय?"

"न्हाई तात्या. माझा विषय इतिहास हाय."

"मंग बराबर हाय. ही गाडी बी इतिहासातलीच हाय. कर सुरू."

आबा हसले नाहीत. मी बॅटरीची वायर काढली. स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं झाकण काढलं, खाली मोठा नट दिसला. पान्याने तो हलेना. आबांनी पान्यावर पाइप चढवला आणि दोघांनी जोर लावला तेव्हा तो करकरत फिरला. स्टेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्यावर आणि स्टेअरिंगवर समोरासमोर येईल अशी पेनाने एक खूण केली, म्हणजे परत बसवताना स्टेअरिंग सरळ बसेल. नट दोन आटे ठेवला आणि ओढायला लागलो. ओढून ओढून घामाघूम झालो. शेवटी आबा दुसऱ्या दाराने आत आले, दोघांनी एकेक बाजू धरली आणि हलवत हलवत ओढली. स्टेअरिंग धाडकन सुटलं आणि नटावर आपटून थांबलं. दात वाचले.

मग खालचं कव्हर. स्क्रू काढले, तरी कव्हर निघेना. कशाने तरी चिकटून बसलं होतं. चाकूचं टोक घालून उचकटलं, तेव्हा आत एक पिवळट काळा थर दिसला. जुन्या भिंतीवरच्या तेलकट डागासारखा, पण चांगला जाड. त्यात धूळ, मुंग्या, एक वाळलेलं पान. स्विचच्या फटींमधून तो आत उतरला होता आणि जिथे दोन पत्रे एकमेकांना टेकायला हवे होते तिथे गोंदासारखा बसला होता. मला वाटलं ग्रीस असेल. पण ग्रीस पिवळं कसं?

माय चहा घेऊन आली होती. तिने कव्हर हातात घेतलं आणि वास घेतला.

"अगं माय! हे तर लोनी-हळद हाय."

मग तिने आबांकडे बघितलं. आबा खाली बघत होते.

इथे थोडं सांगावं लागेल. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांची खांदमळणी करतात. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो, तो खांदा लोणी आणि हळद लावून हाताने मळायचा, कामाचा शीण काढायचा. आबांनी बैल विकले त्या वर्षीही मायने सवयीने वाटीत लोणी-हळद कालवली होती, आणि पुढेही दर वर्षी कालवत राहिली. मला वाटायचं, ती वाटी आबा शेजारच्यांच्या बैलांकडे घेऊन जातात. ते तिन्हीसांजेला वाटी घेऊन एकटेच बाहेर जायचे आणि रिकामी वाटी आणून ठेवायचे. आम्ही कधी विचारलं नाही.

सेक्रेटरींना आधी उमगलं. ते ओट्यावरून उठूनच आले.

"आवो, तुमी गाडीचा खांदा मळत होता व्हय?"

आबा म्हणाले, "मंग काय करू? ती बी वझं वाहतीच की."

"पन स्टेअरिंगखाली कावून?"

"बैलाचा खांदा मानंपाशी असतोय. हिला मान कुठं हाय? मला वाटलं हीच मान." त्यांनी स्टेअरिंगच्या दांड्याकडे हात केला. "वरून लावून भागंना, म्हनून बोटानं आत आत चोळायचो. दर साल."

सेक्रेटरी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "दर साल! आरं, हिला खांदा मळून मळून मुकी केली तुमी! बैल असता तर म्हनला असता, बास करा आता."

मायही पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो, पण लगेच थांबलो, कारण आबांचा चेहरा उतरला होता. त्यांनी ते कव्हर माझ्या हातातून घेतलं.

"म्हंजी मीच बिघडवली म्हन की."

मी म्हणालो, "आबा, जुनी गाडी हाय. कधी तरी जायचाच होता स्विच." ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं, आणि ते त्यांनाही कळत होतं. त्यांनी स्टोव्हमधलं रॉकेल एका डबीत ओतून घेतलं, जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि दांडा पुसायला बसले. इतका वेळ पुसला की लोखंड चमकायला लागलं. मी तोवर नवीन स्विच बसवत होतो. वायरींचे कपलर एकमेकांत नीट बसले की टक असा आवाज येतो. तो आवाज आला की मला बरं वाटायचं. एक कपलर उलटा घालत होतो, तो आपणच जाईना म्हणून कळलं.

बॅटरीची वायर लावली. माय गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. ज्या बाजूचा लाइट लागेल त्या बाजूचा हात तिने वर करायचा, असं ठरलं. मी दांडी डावीकडे केली, तिने डावा हात वर केला. उजवीकडे केली, उजवा केला. हात न लावता दांडी जागेवर थांबली होती आणि आत टिकटिक चालू होती. ती टिकटिक आमच्या गाडीत कितीतरी दिवसांनी ऐकू येत होती. मग डिपर, मग हेडलाइट. वायपर लावला तेव्हा कोरड्या काचेवर तो कर्रकर्र करत धूळ इकडून तिकडे करायला लागला.

"बंद कर बे," सेक्रेटरी म्हणाले. "पावसाला वाटंल आपली चेष्टा करायलेत."

सगळं झालं असं वाटलं. स्टेअरिंग बसवायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की दांड्यावरची माझी पेनाची खूण नाही. आबांनी हळदीबरोबर तीही पुसून टाकली होती. मी त्यांना काही बोललो नाही. अंदाजाने बसवलं, नट आवळला आणि आबांनी गाडी संस्थेपर्यंत नेऊन आणली.

"चालतीय," ते परत येऊन म्हणाले, "पन स्टेअरिंग तिरपं आन् गाडी सरळ. तिफणीचा एक बैल फुडं गेल्यावानी वाटतंय."

शिवाय उजवीकडे वळून गाडी सरळ होण्याआधीच इंडिकेटर आपोआप बंद होत होता. उन्हं कलायला लागली होती आणि कॅन भरायची वेळ जवळ येत होती. परत नट, परत पाइप, परत ओढाओढ. या वेळी आबांनी गाडी सरळ रस्त्यावर थोडी नेऊन जशी होती तशी थांबवली. चाकं सरळ आहेत हे मी वाकून बघितलं आणि तिथेच रस्त्यात स्टेअरिंग काढून सरळ बसवलं. घाईघाईने नट आवळला, झाकण बसवलं, हॉर्न वाजवून बघितला. आबा तसेच छावणीकडे निघाले. जाताना फाट्यावर त्यांनी इंडिकेटर दिला. मागे कुणीही नव्हतं, तरी दिला.

मी हात धुवायला गेलो तर मायने टँकरच्या पाण्याच्या टाकीवर झाकण टाकलं. "राखंनं घास आधी. मंग तांब्याभर देते." काळे पिवळे हात राखेने घासत मी तिला म्हणालो, की यापुढे आबांना तिथे लोणी लावू देऊ नको. ती म्हणाली, "ते मी सांगितलं. म्हनले, मंग कुठं लावू? मी म्हनलं, चाकाला लावा. वझं चाकच उचलतंय." आबांना ते पटलं होतं. त्यांच्या मनावरचं ओझं त्या दिवशी तिने उतरवलं. मी फक्त स्विच बदलला.

पासिंगची तारीख माझ्या पेपरच्याच दिवशी आली. मी अंबाजोगाईला परत गेलो होतो. आबा एकटेच सकाळची खेप करून बीडला जाणार होते. पेपर लिहायला बसलो आणि पहिल्याच प्रश्नाला माझ्या मनात आलं की दुसऱ्यांदा स्टेअरिंग बसवलं तेव्हा मी नट पाइप लावून आवळला का? पहिल्यांदा लावला होता, हे आठवत होतं. दुसऱ्यांदा रस्त्यात उभे होतो, घाई होती. नट काढताना पाइप लावला होता, पण आवळताना तो हातात होता की रस्त्याकडेला पडला होता? काही केल्या आठवेना. मोठ्या रस्त्यावर ट्रक कसे येतात ते मला माहीत होतं. पासिंग, रूट, टेम्पोवाला सगळं त्या नटापाशी येऊन थांबलं. मी काय लिहिलं ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर येऊन आबांना फोन लावला. बंद होता. संध्याकाळी लावला, बंद. मायकडे फोन नव्हता. सेक्रेटरींना लावला, तर ते पाहुण्यांकडे धर्मापुरीला गेले होते. म्हणाले, "मला काय ठाव न्हाई बे. गेल्यापासून गावाकडं फोन न्हाई माझा. उद्या जातो." नट सैल असेल का, असं त्यांना विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण विचारलं नाही. वाईट काही झालं असतं तर कुणीतरी कळवलं असतं, असं मी स्वतःला समजावत होतो. पण मग चांगलं झालं तेही कुणी का कळवलं नाही?

दुसऱ्या दिवशीचा पेपर संपवून खोलीवर आलो, जेवायला गेलो नाही. ऊन उतरायच्या सुमारास फोन वाजला. सेक्रेटरींचा नंबर होता, पण आवाज मायचा.

"जेवलास का?"

"जेवलो. माय, आबा कुठं हायेत?"

"दुधाला गेलेत की. कुठं जातेल? पेपर कसा गेला?"

मी खाली बसलो. "बरा गेला. गाडीचं काय झालं?"

"तुझे आबा म्हनले, लेकराचा पेपर हाय, फोन करून त्याचं डोकं खायचं न्हाई. त्यांचा फोन बी चार्जिंग संपून पडलेला. शेळी व्याली बघ आपली. दोन्ही पाटी झाल्यात, बोकड एक बी न्हाई."

"माय, गाडीचं!"

"आरं सांगते की, वरडतोस कावून? झाली की पास. सायबानं समदं लावून बघितलं, स्टेअरिंग बी हालवून बघितलं, काय बी काढलं न्हाई. तिथून तसेच सांजच्या दुधाला गेले, घरी बी आले न्हाईत. आन् आज संस्थेची मीटिंग झाली. चेअरमननं कागद बघितला. रूट आपल्याकडंच ऱ्हायला."